कोपऱ्यापर्यंतच

"शेपटी धरायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं…" मी स्वतःशीच पुटपुटले.

"धरतो की. कुठनं धरू?"

मस्कतमधल्या मत्रहच्या मासळी बाजारात, सकाळच्या त्या गलक्यात, कुणी मराठीत उत्तर देईल असं मला वाटलंच नव्हतं. मी दचकून वर पाहिलं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायात रबरी बूट, खांद्यावर ओला टॉवेल. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळे मात्र सरळसरळ हसत होते.

मी पुण्यात प्राणिशास्त्रात बीएस्सी करून नुकतीच मस्कतला आईबाबांकडे परत आले होते. सन २०००चा सप्टेंबर होता. एका संशोधन केंद्रात मला साहाय्यकाची नोकरी लागली होती आणि बाजारात येणाऱ्या सुरमया किती लांबीच्या आहेत ते मोजणं हे माझं पहिलंच काम. ते एकटीनं करणं अवघड आहे हे मला तिथं पोचल्यावर कळलं. सुरमई बुळबुळीत असते आणि टेपला दोन टोकं असतात.

त्यानं शेपटी धरली. मी नाकापासून टेप लावली.

"इथपर्यंत," मी शेपटीच्या मधल्या खाचेवर बोट ठेवलं.

"टोकापर्यंत का नाय?"

"टोकं झिजतात, तुटतात. खाच तशीच राहते."

"म्हणजे तुटत नाय तेवढंच मोजायचं." तो म्हणाला. "शिकलेल्यांचं बरं असतं गो."

त्याचं नाव यासिर परकार. रत्नागिरीच्या खाडीपलीकडचा. वडील, जैनुद्दीन, पंचवीस वर्षांपूर्वी मस्कतला आलेले. हॉटेलांना आणि कामगारांच्या मेसना मासळी पुरवायचा त्यांचा धंदा. यासिर गावी बारावी करून मग आला होता. माझं सगळं शिक्षण मस्कतच्या इंडियन स्कूलमधलं, इंग्रजीतलं. पुण्यातली तीन वर्षं सोडली तर मराठी फक्त घरात.

"तुझी मराठी फ्रीजमधल्यासारखी आहे," तो एकदा म्हणाला. "चांगली आहे, पण थंड."

"आणि तुझी?"

"माझी झेडपीच्या शाळेतली. मास्तरांनी पाठीवर काढलेली."

मी दर आठवड्याला मत्रहला जायची. तो दर आठवड्याला शेपटी धरायचा. काम संपल्यावर आम्ही समुद्राकडच्या कठड्यावर बसून कागदी कपातला चहा प्यायचो. मी लांबी सांगायची आणि तो मासा कुठल्या किनाऱ्यावरून आला असेल ते सांगायचा. बरेचदा त्याचं बरोबर यायचं. का बरोबर येतं, ते त्याला सांगता यायचं नाही आणि मला विचारल्याशिवाय राहवायचं नाही.

"सगळ्यालाच कारण लागतं तुला?"

"लागतं."

"मग मी दर मंगळवारी इथं का असतो, त्याचं कारण शोध." असं म्हणून तो रिकामा कप घेऊन उठला… आणि माझा अर्धा भरलेला कप तसाच हातात राहिला.

हळूहळू तो मला घरी सोडायला लागला. आम्ही मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या भागात राहायचो. गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री होती. त्या कोपऱ्यावर मी म्हणायची, "बस, इथंच." पहिल्यांदा त्यानं काही विचारलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग केव्हातरी तो स्वतःच तिथं पिकअप थांबवायला लागला, जणू रस्ता तिथंच संपतो.

एकदा फक्त म्हणाला, "तुझं घर कुठल्या रंगाचं आहे?"

"पांढरं. इथं सगळीच पांढरी असतात."

"ते खरं," तो म्हणाला आणि लाँड्रीच्या पाटीकडे बघत राहिला.

*

फेब्रुवारीत केंद्रानं मला एका कॅम्पवर पाठवलं. उत्तर आयर्लंडमधली आठ मुलं येणार होती, सोळा-सतरा वर्षांची. चार कॅथलिक वस्तीतली, चार प्रोटेस्टंट वस्तीतली. तिकडे तीन वर्षांपूर्वी करार झाला होता, गोळीबार बराचसा थांबला होता, तरी मुलं अजून वेगवेगळ्या शाळांत जायची, वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी यायची. दोघांचीही नाही अशा एखाद्या जागी त्यांना एकत्र ठेवायचं, एवढीच त्या संस्थेची कल्पना. बरोबर एक मॉइरा नावाच्या बाई होत्या. केस पिकलेले, आवाज बारीक आणि हातात कायम लोकरीचं विणकाम. ओमानच्या उन्हात लोकर विणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मस्कतबाहेर कुरियात गावाच्या पुढे, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या एका वाळूच्या पट्ट्यावर तंबू लागले. मी मुलांना भरती-ओहोटीच्या खडकांवर नेऊन शंख-खेकडे दाखवायची. पाणी, मासळी आणि गाडीचं काम कुणाला द्यायचं, असं केंद्रात विचारलं तेव्हा मी एकच नाव सांगितलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून.

मुलांमधल्या दोघांकडे माझं सारखं लक्ष जायचं. ग्रेनिया, लाल केसांची, कॅथलिक. ट्रेव्हर, लांबच लांब, हातापायांचं काय करावं ते न कळणारा, प्रोटेस्टंट. त्यांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. मध्ये उंच भिंत होती, आणि भिंतीत एक फाटक होतं, ते संध्याकाळी बंद व्हायचं. जन्मापासून शेजारी असलेली ही दोघं पहिल्यांदा भेटली ती विमानतळावर. आता एकाच वॉकमनची एकेक वायर कानात घालून वाळूत बसायची.

तिसऱ्या दिवशी ट्रेव्हरनं मला आणि यासिरला मासे साफ करताना पाहिलं. आम्ही मराठीत भांडत होतो. खवले कुठल्या दिशेनं काढायचे यावरून.

"तुम्ही दोघं एकाच बाजूचे ना?" त्यानं विचारलं.

"कशावरून?" मी म्हटलं.

"एकच भाषा बोलता."

"तुम्ही दोघंही एकच बोलता की."

ट्रेव्हरनं मान वळवून ग्रेनियाकडे पाहिलं. ग्रेनियानं त्याच्या कानातली वायर ओढून काढली आणि मोठ्यांदा हसली. यासिर हसला नाही. त्यानं सुरी धुतली, पुसली आणि मला हळूच म्हणाला, "उत्तर चांगलं दिलंस. प्रश्न तसाच राहिला पण."

*

शेवटच्या दिवशी दुपारी डोंगरांवर काळं आभाळ आलं. आमच्याकडे चार टपोरे थेंब पडले, वाळूवर खळगे उमटले, बस्स. पण ओमानमध्ये पाऊस आपल्या डोक्यावर पडला नाही म्हणून सुटका नसते. संध्याकाळी वादी आली. कोरड्या पात्रातून तपकिरी पाणी झाडं, दगड, एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत सुटलं आणि मस्कतकडचा रस्ता बुडाला.

"खलास," यासिर म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत कुणी कुठं जात नाय."

टेकडीवर चढलं की मोबाइलला रेंज यायची. मी घरी फोन लावला तेव्हा खरा पाऊस सुरू झाला. यासिर माझ्यामागून धावत आला, बर्फाच्या पेटीचं झाकण घेऊन, आणि ते त्यानं माझ्या डोक्यावर धरलं. तो स्वतः पूर्ण भिजत होता. त्याच्या कोपरावरून पाण्याची बारीक धार माझ्या खांद्याशेजारून खाली पडत होती, मला न लागता.

"वादी आलीय, आई. उद्या येते."

"एकटी नाहीस ना? कोण आहे बरोबर?"

माझ्या डोक्यावर झाकण होतं. झाकण धरणारा हात माझ्या कानाशेजारी होता.

"कॅम्पातली माणसं," मी म्हटलं.

फोन बंद केला. पावसाचा आवाज झाकणावर फार मोठा वाटत होता. टेकडी उतरताना त्यानं झाकण तसंच धरलं होतं. खाली आल्यावर म्हणाला, "एक सांगायचं होतं. वडील मला सोहारला पाठवतायत. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मेस वाढल्यात, तिकडचं काम मी बघायचं. पुढच्या आठवड्यात जातो."

"किती दिवस?"

"राहायलाच. मत्रहला भाऊ येईल माझ्या जागी. सकलैन. शेपटी तोही धरेल."

"यासिर…"

"मी सोहारवरनं येईन गो. अडीच-तीन तासांचा तर रस्ता. तू घरी बोलावलंस तर येईन." त्यानं झाकणावरचं पाणी झटकलं. "कोपऱ्यावर उभं राहायला नाय येणार आता."

*

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि कुणालाच काही काम नव्हतं. मॉइराबाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि वाळूत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. मुलांनी एकसुरात कुरकुरायला सुरुवात केली. हा प्रकार त्यांनी आठवडाभर टाळला होता.

नियम सोपे होते. दोघांनी पाठमोरं बसायचं. एकानं बोलायचं: दुसऱ्या बाजूला आजवर न सांगितलेलं काहीतरी. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, समजूत काढायची नाही, वाद घालायचा नाही. ‘तू म्हणालास की…’ अशी सुरुवात करून ऐकलेलं फक्त परत म्हणायचं. ‘पण’ हा शब्द बंद. तो तोंडातून निघाला की पहिल्यापासून सुरुवात. मग पाळी बदलायची.

"आधी त्यांना बसवा," ट्रेव्हर आमच्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हे दोघं पण कुठल्या ना कुठल्या बाजूचे असतीलच की."

मॉइराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या भाषेत बोला हवं तर. आम्हाला एक अक्षर कळणार नाही."

मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात यासिर जाऊन एका खुर्चीवर बसलासुद्धा.

मी बसले. त्याची पाठ माझ्या पाठीला टेकली. शर्ट अजून ओलसर होता. समोर समुद्र, आणि वाळूत आठ मुलं, हनुवट्या गुडघ्यांवर टेकून.

"तू आधी," मागून आवाज आला. "मला मोजू दे."

"काय?"

"किती खरं बोलतेस ते."

मी श्वास घेतला. काय सांगायचं ते मला माहीत होतं. कसं, तेवढं माहीत नव्हतं.

"श्रीरंगमामा," मी म्हटलं. "माझ्या आईचा धाकटा भाऊ. मुंबईत नोकरीला होता. त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यात तो गेला. जेवायला म्हणून ऑफिसातून खाली उतरला होता. मी आठवीत होते. फोन आईनंच घेतला. ती ओरडली नाही, रडली नाही. फोन ठेवला आणि गॅसवरची आमटी ढवळत राहिली.

"तेव्हा आम्ही मस्कतमध्येच, रुवीला राहायचो. खालच्या मजल्यावर हवाबी होत्या, तुमच्याच बाजूच्या, राजापूरच्या. दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा आणि ते भांडं आई कधी रिकामं परत पाठवायची नाही. दिवाळीला करंज्या, एरवी काही नसलं तर निदान साखर. त्या वर्षी ईद आली ती मामाला जाऊन दोन आठवडे व्हायच्या आत. हवाबींनी भांडं पाठवलं. वरती त्यांचा तो क्रोशाचा रुमाल. आईनं रुमाल उचललासुद्धा नाही. ते भांडं भरलेलंच माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, देऊन ये.

"हवाबींनी दार उघडलं. भांड्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भांडं आत घेतलं. नंतर आम्ही घर बदललं. मत्रहच्या बाजारात तुमच्याकडची माणसं भेटतात, तर आई पुन्हा कधी तिथं गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणते, गर्दी सोसत नाही.

"म्हणून मी कोपऱ्यावर उतरते. मला तुझी भीती वाटत नाही… आईचीही नाही. तिनं दार उघडलं आणि तुझ्याकडे तसंच पाहिलं तर? ते मला बघवणार नाही. एवढंच."

माझं संपलं. आता त्याची पाळी होती. पाठीला त्याचा श्वास लागत होता.

"तू म्हणालीस की…" तो खाकरला. "तू म्हणालीस की तुझा श्रीरंगमामा जेवायला उतरला आणि परत वर गेला नाय. तू म्हणालीस की तुझी आई आमटी ढवळत राहिली. ईदचं भांडं भरलेलंच परत गेलं. हवाबींनी तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला." मग जरा थांबून, "तू म्हणालीस की तुला माझी भीती वाटत नाय."

त्यानं महत्त्वाचं काही गाळलं नाही, जास्तीचं काही घातलं नाही. माझंच दुःख दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना पहिल्यांदा ते मला पूर्ण दिसलं. मी डोळे पुसले. ग्रेनियानं ते पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"आता मी," यासिर म्हणाला. "माझ्याकडेही त्या सालच्या गोष्टी आहेत. जानेवारीतल्या. माझे चुलते मुंबईत राहायचे. त्या मी आज सांगणार नाय. एका पारड्यात तुझं, एका पारड्यात माझं, असं करायचं नाय मला. कधीतरी सांगीन. नुसतंच सांगीन.

"आज एवढंच सांगतो. मी तुझ्या मामाला मारलं नाय. तुला हे माहीत आहे. मामाचं मला आज कळलं, तरी दर वेळी त्या कोपऱ्यावर गाडी थांबवली की मला वाटायचं, मी कुणाचं काही केलं नाय हे कुणालातरी म्हणायला पाहिजे. लाँड्रीवाल्याला म्हणू? मला राग येतो. तुझा नाय, तुझ्या आईचा तर नायच. त्यांचा भाऊ गेला. राग येतो तो हे म्हणावं लागतं त्याचा. मी आत यावं की नाय ते तुझी आई ठरवेल. त्यांचं दार आहे. मी आत यावं असं तुला वाटतं, हे मात्र तू त्यांना सांग. न सांगता मला ‘कॅम्पातली माणसं’ करू नकोस."

मला वाटलं, संपलं. मी ‘तू म्हणालास’ म्हणायला तोंड उघडलं.

"थांब. अजून आहे." त्याच्या आवाजात ते बाजारातलं, डोळ्यांतलं हसू आलं. मला ते पाठीतून कळलं. "मला तू आवडतेस, देविका. मंगळवारचं कारण तेच. आता म्हण."

"काय म्हणू?"

"नियम आहे. ऐकलंस ते परत म्हणायचं. सगळंच्या सगळं. गाळायचं नाय."

माझे कान तापले. आठ मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सुरुवात केली आणि सावकाश, एकेक वाक्य करत पुढे गेले. चुलत्यांचं. पारड्याचं. लाँड्रीवाल्याचं. ‘मी तुझ्या मामाला मारलं नाय,’ हे वाक्य मला माझ्या तोंडानं म्हणावं लागलं आणि ते म्हणताना कळलं, की इतके महिने मी ते त्याच्याकडून न बोलता वदवून घेत होते.

मग शेवट आला.

"तू म्हणालास की… तुला…"

"हं?"

"पण हे इतक्या लोकांत…"

"‘पण’ म्हणालीस!" तो ओरडला. "पहिल्यापासून!"

"यासिर!"

"बरं. तेवढंच म्हण."

"तू म्हणालास की तुला मी आवडते." एका दमात म्हणून टाकलं. आणि मग, नियमात नसताना, कुणीही सांगितलेलं नसताना… "मलाही. तू."

मागची पाठ एकदम स्थिर झाली. मराठीचं एक अक्षरही न कळणाऱ्या आठ मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ट्रेव्हरनं शिट्टी मारली. मॉइराबाईंनी विणकाम उचललं. "खेळ तुम्ही बिघडवलात," त्या म्हणाल्या, "शेवटचं तिचं वाक्य उत्तर होतं, नाही का?"

त्यानंतर ग्रेनिया आणि ट्रेव्हर बसले. ते दोघं काय बोलले ते त्यांचं आहे. मी उठून लांब गेले.

*

दुपारी वादीचं पाणी उतरलं. यासिरनं मला घरी आणलं. लाँड्रीपाशी त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज इथंच थांब," मी म्हटलं.

"आज?"

"आज."

तो मान हलवून हसला. मी उतरले.

आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगितलं. वादी आली तेव्हा माझ्या डोक्यावर कुणी झाकण धरलं, इथून सुरुवात केली.

"नाव काय?" आईनं विचारलं.

"यासिर."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली. आईनं गॅस बंद केला, हात धुतले, ओढणीला पुसले आणि आतल्या खोलीत निघून गेली. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. माझे बाबा, चंद्रहास, तेलकंपनीत इंजिनीअर. घरात आवाज कमी करणं ही त्यांची भूमिका. ते म्हणाले, "देवू, तिला वेळ दे." मी दिला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

यासिर सोहारला गेला. मंगळवारी सकलैन यायचा. तो शेपटी चुकीची धरायचा आणि मी त्याला काही म्हणायची नाही. फेब्रुवारी संपला, मार्च आला. मार्चमध्ये आई नेहमीच कमी बोलायची. त्या वर्षी जवळजवळ बोललीच नाही. माझ्यासाठी ताट वाढायची, केसांना तेल लावून द्यायची, आणि बोटांतून एक शब्दही निसटू द्यायची नाही. यासिरचा फोन यायचा. "काय म्हणतात?" असं तो कधी विचारायचा नाही. सोहारच्या मेसमध्ये कुठल्या दिवशी कोण बांगडा नको म्हणतं, ते सांगायचा.

एप्रिलमध्ये मॉइराबाईंची ईमेल आली. ट्रेव्हर आणि ग्रेनिया दर शनिवारी गावातल्या मोठ्या चौकात भेटतात, त्यांनी लिहिलं होतं. एकमेकांच्या रस्त्यावर अजून जात नाहीत. त्याला तिच्या दारापर्यंत सोडायला जाता येत नाही. एकदा प्रयत्न केला तर कुणीतरी बाटली फेकून मारली. तरी भेटतात. मी ती ईमेल केंद्रातल्या कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्यामध्ये खरीखुरी भिंत होती, विटांची. आमच्यामध्ये एक लाँड्री होती.

त्या संध्याकाळी मी आईला काही विचारलं नाही. तिच्या शेजारी बसून भेंडी चिरायला घेतली. बऱ्याच वेळानं तीच बोलली.

"श्रीरंगला भेंडी आवडायची नाही."

आठ वर्षांत तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. माझी सुरी थांबली.

"लहानपणी ताटाखाली लपवायचा. ताट उचललं की खाली हिरवं वर्तुळ." ती हसली, आणि ते हसू तिच्या चेहऱ्यावर कुठं ठेवायचं ते तिला कळेना. मग ती बोलत राहिली. त्याची सायकल. त्याचं पहिल्या पगारातलं घड्याळ, आईलाच दिलेलं. त्या दिवशीचा फोन. हवाबींचं भांडं. "मी त्या बाईचं तोंड बघू शकले नसते," ती म्हणाली. "तिनं काय केलं होतं? काहीच नाही. मला माहीत होतं गं. तेव्हाही माहीत होतं."

मी एकदाही मध्ये बोलले नाही. भेंडी चिकट होऊन ताटात पडली होती.

"तो मुलगा," आई शेवटी म्हणाली, "गावाकडचा कुठला?"

"रत्नागिरीचा. खाडीपलीकडचा."

"बोलाव त्याला. मी बोलेन की नाही, सांगता येत नाही मला. नीट वागेन की नाही तेही. तू माझ्याकडून कबूल करून घेऊ नकोस काही." तिनं ताट उचललं. "दार मात्र मी उघडेन. तू नाही, तुझे बाबा नाहीत. मी."

*

मेमधला एक शुक्रवार होता. बाहेर ऊन इतकं, की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जुम्म्याची नमाज झाल्यावर येतो, असं त्यानं कळवलं होतं. बाबा पेपर उलटा धरून वाचत होते. आई सकाळपासून चौथ्यांदा ओटा पुसत होती आणि मी खिडकीतून कोपऱ्याकडे बघत होते.

पिकअप लाँड्रीपाशी आली. तिथं क्षणभर रेंगाळली, सवयीनं… मग वळली आणि सरळ आमच्या फाटकाशी येऊन थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात मिठाईचा खोका. खोका त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. मग बेल वाजली.

मी उठले नाही. खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले. आईनं फडकं खाली ठेवलं, ओढणी सारखी केली आणि चालत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. उन्हाचा लांबट तुकडा फरशीवर पडला आणि त्या उजेडात आई नुसती उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती, चेहरा नाही.

"सलाम… नमस्कार, मावशी," यासिर म्हणाला. त्याचा आवाज मी कधीच इतका लहान ऐकला नव्हता.

आई दार धरून उभीच होती. तो ताटकळला. मग वाकला आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवर चपला काढायला लागला.

"तिथं नको," आई म्हणाली. आवाज तिचा नसल्यासारखा येत होता. तिनं दार आणखी थोडं उघडलं आणि बाजूला झाली. "आत काढ. बाहेर तापतील… जाताना पाय भाजतील तुझे."